कशापेक्षा हळू?

आमच्या ड्रायव्हिंगच्या मास्तरांइतका दुसऱ्याला दमवणारा माणूस पनवेल तालुक्यात आजवर झाला नाही आणि यापुढे होईल असंही मला वाटत नाही. हे मी रागाने लिहीत नाही. दमणं हा माझ्या रोजच्या माहितीतला विषय आहे. सकाळी डबे, दिवसभर शाळेच्या ऑफिसात दाखले आणि पालकांच्या तक्रारी, संध्याकाळी भाजी, पाण्याची वेळ, सोसायटीची मीटिंग. एवढ्याने आलेलं दमणं झोपलं की उतरतं. मास्तरांनी दमवलेलं झोपेनेही उतरत नसे. त्यांच्या शेजारी तासभर बसून घरी आलं की आपण चपाती लाटतोय ती नेमकी कशी लाटतोय, असा प्रश्न डोक्यात सुरू व्हायचा आणि तव्यावरची पहिली चपाती करपायची. कारण मास्तरांना आयुष्यात एकाच शब्दात रस होता, तो म्हणजे 'कसं'. काय केलं, कुणी केलं, कुठे केलं या गोष्टी त्यांच्या मते कुणीही सोम्यागोम्या सांगू शकतो. कसं केलं ते सांगायला माणूस लागतो. आणि तो माणूस आपण आहोत याबद्दल त्यांच्या मनात कधी शंका आली नाही.

मी गाडी शिकायला गेले ती हौसेने नव्हे. आमच्या ह्यांना काचबिंदू झाला. समोरचं नीट दिसायचं, पण कडेकडेचं जात चाललं होतं, आणि जातंय हे त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. एकदा सुकापूरच्या नाक्यावर डावीकडून आलेली रिक्षा त्यांना दिसलीच नाही. लागलं कुणाला नाही. रिक्षावाल्याने आमच्या घराण्याचा उद्धार केला तो ह्यांनी मान खाली घालून ऐकला, घरी आले आणि गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवली. ती किल्ली त्यांनी पुन्हा उचलली नाही. गाडी खाली कव्हर घालून उभी राहिली आणि कव्हराखाली मांजर व्याली. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सारखं जावं लागायचं. रिक्षात बसलं की हे दोन्ही हातांनी समोरचा दांडा घट्ट धरून बसत. ज्या माणसाने मला शेजारी बसवून अख्खं कोकण हिंडवलं, त्याच्या त्या आवळलेल्या मुठी बघणं मला होईना. मग पन्नाशी उलटल्यावर, गुडघे कुरकुरत असताना, मी शाळेतल्या एका शिक्षिकेने सांगितलेल्या मास्तरांकडे नाव घातलं. तिने एवढंच सांगितलं होतं, "शिकवतात चांगलं. पण तुम्ही त्यांचं सगळं ऐकू नका." ती कशाबद्दल बोलत होती हे मला पहिल्याच दिवशी कळलं.

मास्तर विचुंब्याचे. त्यांच्या घरची भातशेती इमारतींखाली गेली तेव्हा भावांनी स्वतःच्या इमारती बांधल्या, बोटांत अंगठ्या घातल्या आणि मोठाल्या गाड्या घेतल्या. मास्तरांनी डाव्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असलेली एक लहानशी गाडी घेतली आणि लोकांना शिकवायला सुरुवात केली. ठेंगणा, गोलसर बांधा, पांढराशुभ्र शर्ट, गळ्यात बारा महिने नॅपकिन. सतत क्लचवर पाय, त्यामुळे त्यांच्या डाव्या चपलेचा तळ उजवीच्या आधी झिजायचा. चपला जोडीने घ्याव्या लागतात हा त्यांना चपलावाल्यांनी केलेला अन्याय वाटे. आयुष्य डावीकडच्या सीटवर गेलेलं, म्हणून घरातही ते सोफ्याच्या डाव्या टोकालाच बसत आणि टीव्हीवर कुणी गाडी पळवायला लागलं की फरशीवर दोन्ही पाय दाबत. त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे विद्यार्थी काकी म्हणायचो, त्या सांगत की झोपेतही मास्तर ब्रेक मारतात आणि पांघरूण पायथ्याशी गोळा होतं.

पहिल्या दिवशी मी सकाळी सहाला जाऊन उभी राहिले तर त्यांनी मला गाडीत बसवलंच नाही. अंगणात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या, उजवीकडच्या खुर्चीत मला बसवलं आणि हातात स्टीलचं ताट दिलं. ते स्टिअरिंग.

"ताई, भाषा येते का?" त्यांनी विचारलं.

"कुठली?"

"गाडीची."

मी म्हटलं, मला मराठी येते, हिंदी येते, इंग्रजी कामापुरती येते. मास्तरांनी खेदाने मान हलवली. "त्यातली एक पण गाडीला समजत नाय," ते म्हणाले, आणि माझ्या थकव्याची सुरुवात झाली.

मास्तरांनी स्वतः एक भाषा तयार केली होती. तिचं नाव त्यांनी 'चालू' असं ठेवलं होतं. गाडी चालू असताना बोलायची म्हणून चालू. काकींचा या नावाला सक्त विरोध होता. "येईल त्याला सांगतात, मला चालू येते, तुमाला पण चालू करतो. ऐकणाऱ्यानं काय समजायचं?" त्या ओट्यापाशी उभ्या राहून म्हणत. पण मास्तरांनी नाव बदललं नाही.

भाषा करायची वेळ का आली, तेही त्यांनी ताट माझ्या हातात असतानाच सांगितलं. पूर्वी ते सगळ्यांना मराठीतच शिकवत. एका बँकेतल्या साहेबांची बायको शिकायला होती. बाजाराच्या रस्त्यावर गर्दी आली, बाईंनी वेग थोडा कमी केला. मास्तरांना तो आणखी कमी हवा होता, म्हणून ते म्हणाले, "अजून हळू." बाईंना वाटलं, मास्तर वैतागून म्हणताहेत की तुम्ही अजून हळूच चालवताय. त्यांनी मनाला लावून घेतलं आणि ॲक्सिलरेटर दाबला. मास्तरांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबेपर्यंत गाडी शहाळ्यांच्या हातगाडीला भिडली आणि शहाळी पार मच्छीमार्केटपर्यंत घरंगळत गेली. मास्तर स्वतः ती गोळा करत फिरले, आणि फिरता फिरता त्यांच्या लक्षात आलं की चूक बाईंची नव्हती, त्यांचीही नव्हती, चूक मराठीची होती. "ज्या भाषेत 'अजून हळू'चे दोन अर्थ होतात," ते म्हणाले, "त्या भाषेत गाडी चालवणं म्हंजे आत्महत्या हाय."

मग त्यांनी व्याकरण केलं. चालू भाषेत क्रियापदं चारच: क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर आणि स्टिअरिंग, प्रत्येकासाठी एकेक अक्षर. नामं नाहीतच. मी विचारलं, नामं का नाहीत? "झाड दिसतंय, म्हैस दिसतेय, डंपर दिसतोय," मास्तर म्हणाले. "जे दिसतंय ते कशाला सांगायचं?" विशेषणंही त्याच न्यायाने गेली. उरली ती क्रियाविशेषणं, आणि सगळी भाषा त्यांचीच होती. मराठी क्रियाविशेषणांवर मास्तरांचा फार राग. हळू एका तऱ्हेचं, पटकन दुसऱ्या, सावकाश तिसऱ्या, नीटपणे चौथ्या; एकाचा पायपोस दुसऱ्याच्या पायात नाही. आणि पुरुष कसाबसा वळला तर बाई कशीबशी वळली. "ट्रक अंगावर येतोय आणि आमी पुल्लिंग स्त्रीलिंग बघत बसू?" चालूमध्ये तसं नव्हतं. कुठल्याही गुणाला 'म' लावला की झालं. लुल म्हणजे संथपणा, लुलम म्हणजे हळू. खट म्हणजे अचानकपणा, खटम म्हणजे एकदम. सर म्हणजे सरळपणा, सरम म्हणजे सरळ. बाई, बुवा, एक, अनेक, कुणासाठीही तेच.

इतपत ठीक होतं. मी सकाळी सहाला ताट फिरवत लुलम, खटम, सरम असं म्हणून दाखवलं आणि मला वाटलं, सुटले. पण खरा डोंगर पुढेच होता. मास्तर म्हणाले, आता तुलना.

"हळू म्हंजे काय, ताई?"

"हळू म्हणजे... कमी वेगाने."

"कशापेक्षा कमी?"

मी हातातल्या ताटाकडे बघितलं. मास्तरांना तेच हवं होतं. ते खुर्चीत पुढे सरकले. त्यांचं म्हणणं असं की माणूस हळू म्हणतो तेव्हा त्याच्या मनात कसली तरी तुलना असते आणि ती तो सांगत नाही, म्हणून जगात निम्मे अपघात आणि निम्मी भांडणं होतात. म्हणून चालूमध्ये तुलनेची तीन रूपं होती. लुलमे म्हणजे मघाशी चालवत होतात त्यापेक्षा हळू. लुलमो म्हणजे पुढच्या गाडीपेक्षा हळू. आणि लुलमा म्हणजे तुमच्या मनाला वाटतंय त्यापेक्षा हळू. हे तिसरं रूप त्यांना सगळ्यात मोलाचं वाटे. एकदम या खटमचीही तीन रूपं, सरळ या सरमचीही तीन. पहिला आठवडाभर मी शाळेच्या ऑफिसात दाखल्यांवर शिक्के मारताना मनातल्या मनात हे घोकत होते, आणि हेडमास्तरांनी "जरा लवकर द्या" म्हटलं की माझ्या तोंडावर यायचं, कशापेक्षा?

सर्वात हळू, सर्वात जोरात असं काही मात्र चालूत नव्हतं. यावरून आमच्या ह्यांची आणि मास्तरांची पहिल्याच भेटीत जुंपली. त्याआधी हे मला स्वतःच शिकवायला निघाले होते. एका रविवारी मी आमची गाडी बाहेर काढली, मांजरीची पिल्लं सोसायटीच्या वॉचमनने खोक्यात ठेवली, आणि सुकापूरच्या मागच्या रस्त्यावर हे माझ्या शेजारी बसून "अगं, अगं, अगं" एवढंच म्हणत राहिले. थोड्या वेळाने मी गाडी बंद केली, उतरले आणि चालत घरी आले. हेही मागून चालत आले, आणि गाडी आमच्या मुलाच्या मित्राने आणून लावली. त्यानंतर मी मास्तरांच्या गाडीतून जायचे तेव्हा हे मागच्या सीटवर बसून यायला लागले. घरी एकटं बसवत नव्हतं हे खरं कारण. सांगायचं कारण, "तो माणूस तुला काय शिकवतो ते बघतो."

"कुठल्याही भाषेत 'सर्वात हळू' म्हणता येतं," हे मागून म्हणाले.

"साहेब, सगळ्यात हळू गाडी म्हंजे उभी गाडी. तिला शब्द कशाला?"

"आणि सर्वात जोरात?"

"ती पेपरात येते. वाचा."

"सर्वात नीट तरी?"

मास्तर मागे वळले. "तसं कोण चालवत असेल, तर त्याला माझी काय गरज?"

घरी आल्यावर हे म्हणाले, "वेडा आहे. पण सोयीचा वेडा आहे." त्यांच्याकडून हे मोठंच सर्टिफिकेट होतं.

वेड गाडीपुरतं राहिलं असतं तर मी इतकी दमले नसते. मास्तरांना ते गाडीत ठेवून उतरता येत नसे. काकींनी बोंबील तळले की ते विचारत, "कसे तळलेस?" काकी म्हणत, "तेलात." मास्तर म्हणत, "ते कशात झालं. कसे?" काकी त्यांच्या पुढ्यातली थाळी उचलून न्यायला लागल्या म्हणजे चर्चा संपे. वरातीत नवरदेवाच्या गाडीपुढे चालत ते ड्रायव्हरला लुलमे, लुलमे असं ओरडत आणि बेंजोवाले ते गाणं समजून ठेका बदलत. रिक्षात बसले तर दोन वळणांत रिक्षावाला त्यांना उतरवून देई. एकदा आमच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ गेले, त्यांच्या मुलाला मास्तरांनी गाडी शिकवलेली, म्हणून ते भेटायला आले. मीही तिथे होते. सगळे रीतीप्रमाणे विचारत होते तसं त्यांनीही त्या वहिनींना विचारलं, "कसे गेले?" मुलगा म्हणाला, "हार्ट अटॅकने." आणि व्हायचं तेच झालं. मास्तर म्हणाले, "ते कशानं झालं. मी विचारलं, कसे." खोलीत सगळे अवघडून बसले. मी मास्तरांना डोळ्यांनी खुणावत होते. पण त्या वहिनींनी पहिल्यांदाच मान वर केली. "सावकाश गेले," त्या म्हणाल्या. "आधी माझ्याकडे बघितलं, मग चष्मा काढून ठेवला, मग गेले. कुणी विचारलंच नाही मला." आणि मग त्या जे रडल्या ते बराच वेळ रडल्या. मास्तर त्यांच्यासमोर मांडी घालून बसून राहिले. जिना उतरताना मी त्यांना रागावणार होते. नाही रागावले.

परीक्षेच्या दिवशी मात्र त्यांनी मला बुडवलं. परीक्षेला मास्तर शेजारी बसू शकत नव्हते. मैदानाच्या कुंपणापाशी ते नॅपकिन हातात गुंडाळून उभे, त्यांच्या शेजारी हे, आणि गाडीत माझ्या डावीकडे परीक्षा घेणारे साहेब. माझ्या आधी एक मल्याळी नर्स होती, मास्तरांचीच विद्यार्थिनी. तिला मराठीचा गंध नाही, मला मल्याळमचा नाही, पण उतरताना तिने माझा खांदा दाबला आणि म्हणाली, "लुलमा." मी मान हलवली. पहिलं वळण नीट झालं. दुसऱ्या वळणाशी साहेब म्हणाले, "जरा हळू घ्या." साधं वाक्य. आयुष्यभर ऐकलेलं. आणि मला काही म्हणजे काही कळेना. मघापेक्षा, पुढच्यापेक्षा, की मनापेक्षा? क्लचचं भान न ठेवता मी साहेबांकडे वळून अत्यंत आदराने विचारलं, "कशापेक्षा?" साहेबांना ते उद्धट वाटलं असणार. मी तरी काय करणार. गाडी बंद पडली, मी नापास झाले, आणि घरी येईपर्यंत मागच्या सीटवर हे हसत होते. त्यांनी किल्ली फ्रिजवर ठेवल्यापासून त्यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं, म्हणून मी त्यांना हसू दिलं. मास्तर मात्र रस्ताभर खिन्न होते. "साहेबांचा काय दोष," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "त्यांना शिकवलंच नाय कुणी." दुसऱ्या वेळी मी कानांत मराठी ठेवून गेले आणि पास झाले.

लायसन्स आलं तरी मी एकटी कधी गाडी काढली नव्हती. मग एका रविवारी दुपारी जेवण झाल्यावर ह्यांनी ताट बाजूला सारलं आणि कपाळ धरून बसले. डोळा ठणकत होता, दिव्याभोवती कडी दिसत होती, पाठोपाठ उलटी झाली. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की असं झालं तर थांबायचं नाही. मी मास्तरांना फोन लावला. ते कुणाच्या तरी हळदीला गेले होते. पलीकडून नुसता बेंजो आणि डीजे ऐकू येत होता. मी ओरडून सांगितलं, त्यांना काही ऐकू गेलं नाही, फोन कट झाला. रिक्षा आणायला वॉचमन गेला तो परत येईना. मुलगा बंगलोरला. मी फ्रिजवरून किल्ली घेतली.

ह्यांना डावीकडे बसवलं. त्यांनी डोळ्यांवर ओला टॉवेल धरला होता, त्यांना काहीच दिसत नव्हतं. पुलाच्या चढावर पुढे सिमेंटचा मिक्सर, मागे बसचा हॉर्न. माझ्या मनात एकच, उडत जावं. आणि त्या टॉवेलमागून ह्यांचा आवाज आला, दात आवळून काढलेला, पण स्पष्ट. "लुलमा." मी पाय सैल केला. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा, "लुलमा." माझ्या मनाला वाटत होतं त्यापेक्षा हळू. गाडी कशी चाललीये हे त्यांना सीटवरून, पाठीला बसणाऱ्या हिसक्यांवरून कळत असावं. मागच्या सीटवर बसून हा माणूस इतके दिवस नुसता थट्टा करत नव्हता, तोही शिकत होता, हे मला त्या पुलावर कळलं. हॉस्पिटलच्या दारात मी गाडी तिरकी उभी केली ती तशीच सोडून दिली. डोळ्यातला दाब उतरवला, लेझर केलं, होती ती नजर वाचली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांना हे सगळं सांगितलं. वाटलं, म्हणतील शाब्बास, किंवा निदान ह्यांची चौकशी करतील. ते म्हणाले, "लुलमे म्हणाले, की लुलमा?"

"लुलमा."

"नक्की?"

"नक्की, मास्तर."

त्यांनी गळ्यातला नॅपकिन काढला आणि तोंड पुसत राहिले. घाम आलेला नव्हता. मग म्हणाले, "आता कशी हाय तब्येत?" आणि या वेळी त्यांनी 'कशी' विचारलं ते सगळे विचारतात तसंच.

त्यानंतरची वर्षं मास्तरांना चांगली गेली नाहीत. लोकांनी क्लच नसलेल्या गाड्या घ्यायला सुरुवात केली. नवीन मुलंमुली येत ती म्हणत, "काका, बाकी येतं, फक्त पार्किंग शिकवा." अंगणातल्या खुर्चीत ताट घेऊन बसायला कुणी तयार होईना. फोनमधली बाई रस्ता सांगायला लागली, तिच्यावर तर मास्तरांचा फारच राग. "कुठं वळायचं ते सांगते, किती लांब ते सांगते. कसं वळायचं ते हिच्या बापाला तरी ठाऊक हाय का?" विद्यार्थी कमी झाले, डावा गुडघा दुखायला लागला, मुलीने हट्ट धरला, आणि एक दिवस त्यांनी ती दोन्हीकडे क्लच-ब्रेक असलेली गाडी विकून टाकली. विचुंब्याचं घर भाड्याने देऊन दोघं नेऱ्याला डोंगराखालच्या त्यांच्या जागेवर राहायला गेली. मास्तरांनी आंब्याची कलमं लावली. काकी फोनवर म्हणाल्या, "आता झाडांना विचारतात, कसं वाढतोस. झाडं बिचारी उत्तर देत नाय, म्हणून बरं चाललंय."

आमचीही जुनी गाडी गेली. माझे गुडघे आता क्लच सोसण्यातले राहिले नव्हते, म्हणून मीही तीच घेतली, क्लच नसलेली. हे मास्तरांना फोनवर सांगायचा मला धीर झाला नाही. गेल्या थंडीत शाळेला सुट्टी होती, ह्यांच्याजवळ मुलगा आला होता, म्हणून एका दुपारी मी एकटीच नेऱ्याला गेले. मास्तर फाटकाशीच उभे होते. गाडीभोवती एक चक्कर मारली, खिडकीतून आत वाकून पायाशी बघितलं, आणि डावीकडचं दार उघडून आत बसले. "चला," ते म्हणाले.

आम्ही डोंगराकडच्या रस्त्याला लागलो. त्यांच्या बाजूला पाय ठेवायला नुसती सपाट चटई. त्यांनी पाय आधी पुढे टाकले, मग आखडून घेतले, मग एकावर एक ठेवले. हात मांडीवर ठेवून ते बसून राहिले. वळण आलं की मी त्यांच्या तोंडाकडे बघायचे, ते काहीच बोलत नव्हते. गाडीला काही सांगावं लागत नव्हतं, मलाही नाही. शेवटी मीच विचारलं, "मास्तर, कशी चालवतेय?"

"बरी चालवता," ते म्हणाले. असल्या कामचलाऊ शब्दाला त्यांनी मला एके काळी तासभर ताट फिरवायला लावलं असतं.

पुढच्या वळणानंतर बघितलं तर त्यांचं डोकं खिडकीला टेकलं होतं. त्यांना झोप लागली होती. इतकी वर्षं गाडीत बसून हा माणूस कधी डोळे मिटून बसला नसेल. शेजारी कुणी ना कुणी नवशिकं, आणि पायाखाली त्याचा जीव. मी परत फिरायच्या ठिकाणी फिरले नाही. भाताची कापणी झालेली शेतं, मधे मधे कुणाचं तरी फार्महाऊस, बंद फाटकं, असं करत रस्ता संपेपर्यंत गेले आणि तशीच सावकाश परत आले. फाटकाशी आंब्याच्या सावलीत गाडी बंद केली, काचा खाली केल्या. त्यांना हलवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. म्हटलं, पाच मिनिटं बसू. सकाळपासून पाठ टेकली नव्हती. मीही मान मागे टेकली.

जाग आली तेव्हा ऊन उतरून गेलं होतं आणि काकी माझ्या खिडकीशी उभ्या होत्या. मास्तर अजून झोपलेलेच होते, तोंड थोडं उघडं, दोन्ही पाय सैल पडलेले.

"चहा आणलेला दोघांचा," काकी हळूच म्हणाल्या. "तुमी दोघं अशी झोपलेली. बघून मी त्यांचा पिऊन टाकला."

"उठवू का त्यांना?"

"नको," त्या म्हणाल्या आणि माझा कप खिडकीतून आत दिला. चहा पार गार झाला होता. मी तो तसाच प्यायले.